एका पॅकेजात दोघं

बाईंच्या घरात भिंतीवर एकच जोडफोटो होता, लग्नातला. त्यात बाई समोर बघत होत्या आणि नवरा डावीकडे. डावीकडे जेवणाची पंगत बसली होती. कोण किती वाढून घेतंय यावर त्याचा डोळा होता, कारण जेवणाचे पैसे त्याच्या वडिलांना द्यायचे होते. पुढे लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला फोटो काढला, त्यात तो मेणबत्तीकडे बघतोय, ती पुढच्या वर्षी चालेल का या विचारात. लेकीच्या लग्नात तर तो सरळ फोटोग्राफरच्या बोटाकडेच बघत राहिला, कळ किती वेळा दाबली जाते ते मोजत. माणूस मनाचा वाईट नव्हता. डोळे तेवढे सदा खर्चाच्या मागावर, मांजर उंदराच्या मागावर असते तसे.

नोकरीही स्वभावाला शोभेलशी मिळाली होती. एका मोठ्या कार्यालयात लोकांची प्रवासाची बिलं तपासायची. कुणी दौऱ्यावर चहा प्यायला असेल, तर हा बाजूला लिही : चहा कार्यालयात उपलब्ध होता. अमान्य. कुणी टॅक्सी केली असेल, तर : अंतर चालण्याजोगे. अमान्य. लोक त्याला मागून कात्री म्हणत. निवृत्तीच्या निरोपसमारंभात धीर करून तोंडावर म्हणाले, तर तो चक्क लाजला. तेव्हापासून सगळ्या जगाचा तो कात्री. आपणही तेच म्हणू.

बाई बालवाडीच्या. हात धुण्याचं गाणं, नाक पुसण्याचं गाणं, चपला जागेवर ठेवण्याचं गाणं, सगळी त्यांचीच रचना. शाळा सुटली तरी ओठांची सवय सुटली नाही. दूध उतू गेलं की दोन ओळी, किल्ली हरवली की दोन ओळी. दुःख असो की सुख, त्यांच्याकडे ते जोडीनंच यायचं, यमक जुळवून.

तर झालं असं, की लेकीनं आणि जावयानं या दोघांना आठवडाभराच्या क्रूझची तिकिटं भेट दिली. भलीमोठी पांढरी बोट, खोली, खाणं, पोहायचा तलाव. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आता काही बोलायचं नाही. सगळं त्यात आलंय."

"सगळं," कात्री म्हणाला आणि चष्मा शोधायला उठला.

तिकिटामागची बारीक अक्षरं वाचायला त्याला अख्खी दुपार लागली. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जुनं तेज होतं.

"पेयं वेगळी. इंटरनेट वेगळं. बक्षिशी वेगळी. बंदरावर उतरून फिरायचं तर तेही वेगळं. बोटीवरचा फोटोवाला फोटो काढणार फुकट, देणार मात्र विकत. म्हणजे बोटीत चढायचं तेवढं फुकट."

"आपण काय एवढं पिणार आहोत?" बाई म्हणाल्या.

"तहान लागल्यावर कळतं," कात्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बसून खर्च ठरवला. ठरवला म्हणजे बाईंनी मागणी सादर केली आणि कात्रीनं ती तपासली. बंदरावरची सहल : बंदर बोटीवरून दिसते. अमान्य. इंटरनेट : लेकीची खुशाली परत आल्यावर कळेल. अमान्य. मालिश : अमान्य, आणि त्याला कारणही नाही.

"बरं," बाई म्हणाल्या, "मला एकच हवंय. आपला दोघांचा एक फोटो. त्यात तुम्ही माझ्याकडे बघितलेलं हवं. निदान कॅमेऱ्याकडे तरी."

कात्रीनं पेन टेकवलं. "दोघांचे चेहरे घरी उपलब्ध आहेत," तो म्हणाला. "अमान्य."

बाई उठून बॅग भरायला लागल्या. मात्र बॅगेत त्यांनी निळा रेशमी ड्रेस भरला. लेकीच्या लग्नात शिवलेला, नंतर एकदाही न घातलेला. वरून एक टॉवेल टाकून तो झाकून ठेवला, जणू कुणी तोही अमान्य करील.

*

बोट म्हणजे आडवी पडलेली इमारतच. आत गेल्या गेल्या हातात एकेक कार्ड दिलं. खोलीची किल्ली तेच, पाकीटही तेच. कुठेही दाखवायचं, हिशेब खोलीच्या नावावर. पैसे दिल्याचं हाताला कळतही नाही. "हे फार वाईट," कात्री म्हणाला. "हाताला कळलं पाहिजे." त्यानं आपलं कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

खोलीतल्या टेबलावर पाण्याची एक देखणी बाटली होती, गळ्यात किमतीची चिठ्ठी. बाईंनी ती वाचली आणि बाटली अलगद, तान्ह्या बाळाला निजवावं तशी जागेवर ठेवली. मग खिडकीशी जाऊन गुणगुणल्या :

चार बाजूंनी पाणी, मधे पाण्याची बाटली
तिची किंमत ऐकून माझी तहान आटली.

जेवणाच्या दालनात नळाचं पाणी आणि सकाळचा पातळ चहा फुकट. लिंबू सरबतापासून पुढचं सगळं विकत. आणि वरच्या डेकवर लोक काय काय पीत होते. लाल, पिवळं, निळं, कडेला फळाची फोड, वर कागदाची इवलीशी छत्री. बाईंची नजर त्या छत्र्यांवरून हलेना. बालवाडीतल्या कागदकामाची आठवण झाली असावी.

काउंटरवर एक मुलगी बसली होती, हसण्याचा पगार मिळावा इतकी हसरी. तिनं समजावलं, पेयांचं पॅकेज घ्या. एकदाच पैसे भरायचे, मग आठवडाभर हवं ते प्या, हवं तितकं. मात्र ज्याचं कार्ड त्यानंच प्यायचं. आणि एका खोलीतल्या दोघांनी दोन पॅकेजं घ्यायची.

"दोन का?" कात्रीनं विचारलं.

"नाहीतर लोक एकात दोघं पितात, सर."

"असे असतात लोक," कात्री गंभीरपणे म्हणाला. "पण मी काही पीतच नाही. मला डॉक्टरांनी फक्त कोमट पाणी सांगितलंय."

बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. घरी हा माणूस दिवसातून पाच वेळा कॉफी प्यायचा आणि सरबताचा पेला बोटानं पुसून चाटायचा.

मुलीनं हळहळून मान हलवली. प्रकृतीच्या कारणासाठी सवलत होती. एक पॅकेज बाईंच्या नावावर, आणि कात्रीच्या नावापुढे लिहिलं गेलं : कोमट पाणी.

खोलीत आल्यावर त्यानं दार लावलं, पडदाही ओढला, आणि बेत सांगितला. बेत साधा होता. बाईंनी वरच्या डेकवर एका टेबलाशी बसायचं. ग्लास मागवायचा, अर्धा प्यायचा, कानाला हात लावायचा आणि समुद्र बघायला कठड्याशी जायचं. शेजारच्या टेबलाशी बसलेल्या कात्रीनं सहज उठून त्या खुर्चीत बसायचं आणि उरलेला अर्धा संपवायचा.

"आणि कुणी पाहिलं तर?"

"एका अनोळखी माणसानं टाकून दिलेलं सरबत प्यायलं, एवढंच पाहतील. त्यात पॅकेजचा काय संबंध? म्हणून बोटीवर आपली ओळख नाही. खोलीबाहेर पडताना आधी तू, मग थोड्या वेळानं मी."

"अहो, आपण नवराबायको आहोत."

"ते घरी."

बाई पलंगावर बसल्या. आयुष्यभर त्यांनी याच्या कात्रीखालून आपल्या लहानसहान हौशी निसटवल्या होत्या, त्यामुळे वाटाघाटी त्यांनाही येत होत्या. "दुसऱ्या पॅकेजचे पैसे वाचतील ना? मग त्यातून एक फोटो. शेवटच्या संध्याकाळी सगळे नटूनथटून काढतात तसा. कबूल असेल तर मी आजपासून परकी."

कात्रीनं छताकडे पाहून विचार केला. "तत्त्वतः मान्य," तो म्हणाला.

ज्यांनी कार्यालयं पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, तत्त्वतः मान्य झालेल्या गोष्टीला अजून पाय फुटायचे असतात. पण बाई बालवाडीतून आलेल्या. त्यांनी मान्य एवढंच ऐकलं.

*

पहिल्या दिवशी घोटाळाच झाला. बाईंच्या कानावर एक चुकार बट आली, ती त्यांनी सारली, आणि कात्री तीरासारखा उठून येऊन त्यांच्या जवळजवळ मांडीवरच बसला. "माफ करा," तो म्हणाला आणि परत गेला. लग्नानंतर त्यानं बाईंची मागितलेली ही पहिली माफी. बाईंना ती इतकी आवडली, की संध्याकाळपर्यंत बट आणखी दोनदा घसरली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सूर लागला. बाई अननसाचा रस अर्धा ठेवायच्या, कात्री तो पूर्ण करायचा. बाई कॉफीचा वरचा फेस घ्यायच्या, खालचा कडू भाग त्याचा. दोघांच्या आवडी अशा जुळलेल्या, की ग्लासात आपोआप रेघ पडायची. बारमागे एक उंच, शांत माणूस उभा असे, पांढऱ्या कोटातला. तो बारवाला ग्लास आणून ठेवी, हसत नसे, बोलत नसे. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक ग्लासात दोन स्ट्रॉ ठेवू लागला. ही इथली पद्धत असेल, असं दोघांनाही वाटलं.

छत्र्या कात्री गोळा करी. "त्या पॅकेजमध्ये येतात," तो म्हणे. खोलीतल्या आरशाच्या कडेला त्यांची रांग लागली होती.

खोली झाडायला येणारा माणूस रोज टॉवेलचे दोन हंस करून पलंगावर ठेवायचा, चोचीला चोच लावून. कात्रीला ते बघून घाम फुटे. काउंटरवरच्या मुलीपुढून रोज शेकडो जोड्या जायच्या, तिला चेहरे आठवणार नाहीत; पण दोघं एका खोलीत राहतात हे याला रोज दिसायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं आतल्या खिशाचं बटण काढलं आणि त्या माणसाच्या हातावर बक्षिशी ठेवली. चौथ्या दिवशी हंसांबरोबर टॉवेलचं एक पिल्लूही आलं.

बाईंना मात्र या परकेपणाची गोडी लागत चालली. घरी हा माणूस वर्तमानपत्रामागून "हं" म्हणायचा. इथे तो शेजारच्या टेबलाशी ताठ बसून सारखा त्यांच्याकडे बघत होता. कान कधी हलतो, हात कधी वर जातो, याची वाट बघत. बाई डावीकडे वळल्या की त्याची मान डावीकडे, उजवीकडे वळल्या की उजवीकडे. सूर्यफुलाचंही एवढं लक्ष नसतं. बाई मुद्दाम कानाला हात लावायला उशीर करू लागल्या. आणि वाऱ्यावर दोन ओळी सोडून देऊ लागल्या :

ओळख ना पाळख, बसे शेजारच्या टेबलाला
कोण बाई हा टपलाय माझ्या अर्ध्या ग्लासाला.

हे बघणारं आणखी एक माणूस होतं. एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर, एकट्याच सहलीला निघालेल्या, आवाज असा की अख्खा वॉर्ड गप्प व्हावा. त्या बाईंच्या टेबलाशी येऊन बसू लागल्या होत्या.

"ताई, तुम्हाला सांगू? तो पलीकडचा माणूस तुमचं उष्टं पितो."

"कोण?" बाई म्हणाल्या आणि कानाकडे निघालेला हात मांडीवर ठेवला.

"तो कोमट पाणीवाला. मी काल पाहिलं, परवा पाहिलं. तुम्ही उठलात की आलाच. गरीब म्हणावं तर बूट चांगले आहेत. मला वाटतं, त्याचा तुमच्यावर डोळा आहे."

"छे हो. या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलात? डोळ्यांना वय नसतं, फक्त नंबर असतो."

बाई हसल्या, पण कान लाल झाले. पलीकडे कात्रीला वाटलं, आता हात वर जाईल. तो अर्धवट उठला. सिस्टरनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो पुन्हा बसला आणि कोमट पाण्याचा घोट घेतला.

*

पाचव्या दिवशी दुकानांपलीकडच्या भिंतीवर फोटो लागले. फोटोवाला चार दिवस गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडला होता, आणि आता सगळी बोट तिथे टांगलेली होती. पोहणारी, नाचणारी, घास तोंडात असलेली. बाई नुसत्या बघायला म्हणून गेल्या आणि एका फोटोपाशी पाय थबकले.

वरचा डेक. मागे समुद्र, उन्हानं पांढरा झालेला. बाई कठड्याला टेकून कसल्याशा पक्ष्याकडे बघत हसत होत्या, केस उडत होते. आणि टेबलाशी कात्री. हनुवटी हातावर, चष्मा जरा खाली सरकलेला, बघत होता बाईंकडे. पंगतीकडे नाही, मेणबत्तीकडे नाही. आजूबाजूला माणसं होती, रंगीत ग्लास होते, बिल घेऊन जाणारा एक वेटरही होता. कात्रीचा डोळा त्याच्यावरही नव्हता.

बाई तिथे किती वेळ उभ्या राहिल्या त्यांना कळलं नाही. खाली किंमत लिहिली होती. ती वाचून त्यांनी पहिल्यांदा कात्रीची बाजू समजून घेतली.

खोलीत त्यांनी सांगितलं, "मला तोच हवा. ठरल्याप्रमाणे."

कात्री जाऊन फोटो बघून आला, तो पांढराफटक होऊन. "ठरला होता तो दोघांनी उभं राहून काढायचा. हा वेगळा. आणि फोटोत मी कुठे बसलोय? तुझ्या खुर्चीत. समोर काय आहे? ग्लास. हा घ्यायचा म्हणजे कार्ड द्यायचं. कार्डावर खोली. खोलीत दोघं. एक पॅकेज, एक कोमट पाणी. काउंटरवरची ती मुलगी हसत हसत आठवडाभराचं दुसरं पॅकेज लावेल. चोरानं आपल्याच चोरीचा फोटो विकत घ्यायचा? असं बिल माझ्याकडे आलं असतं तर मी काय केलं असतं?"

"अमान्य," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही."

काही नाही हे दोन शब्द बायको ज्या आवाजात म्हणते त्या आवाजात बाई म्हणाल्या. कात्रीला त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. बाईंनी संत्र्याचा रस मागवला. कात्री शेजारी सज्ज होऊन बसला. बाईंनी दोन्ही स्ट्रॉ तोंडात धरल्या आणि समुद्राकडे बघत प्यायला सुरुवात केली. ग्लास अर्ध्यावर आला. कान तसाच. पाव राहिला. कान तसाच. तळाशी घुर्र घुर्र आवाज झाला. मग बाईंनी फळाची फोड काढली, ती खाल्ली, साल ग्लासात टाकली, छत्री केसांत खोवली आणि दुसरा ग्लास मागवला. दुसराही तसाच रिकामा झाला. वास्तविक बाईंच्या पोटात जागा राहिली नव्हती. पण राग बसायला फार जागा लागत नाही, त्याच्या बाजूनं रस जात होता.

"शाब्बास," सिस्टर म्हणाल्या. "आज त्याला थेंब मिळाला नाही. बघा कसा कोमेजलाय."

कात्री खरंच कोमेजला होता. तो कोमट पाण्याकडे बघत बसला, मग बाईंकडे. बाईंनी पाठ फिरवली तरी बघत बसला. आता बघून उपयोग नव्हता, ग्लास रिकामे होते, हे त्याच्या हिशेबी डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

*

शेवटच्या संध्याकाळी बाईंनी निळा ड्रेस घातला. कात्रीनं कोट घातला आणि नियमाप्रमाणे त्या गेल्यावर थोडा वेळ थांबून खोलीबाहेर पडला. फोटोंच्या भिंतीपाशी गर्दी होती. लोक आपापले फोटो उतरवून घेत होते. भिंतीला मोठमोठी भोकं पडल्यासारखं दिसत होतं. फोटोवाला सांगत होता, "राहिलेले फोटो जेवणानंतर कागद फाडायच्या मशीनमध्ये जाणार. कुणाला हवे असतील त्यांनी आत्ता सांगा."

बाई आपल्या फोटोपुढे हात मागे बांधून उभ्या होत्या. कात्री दोन हात अंतरावर, परका. दोघंही एकच फोटो बघत होते, आणि एकमेकांना ओळखत नव्हते.

तेवढ्यात मागून तो आवाज आला. "हे बघा. हेच मी म्हणत होते." सिस्टर. त्यांनी काउंटरवरच्या हसऱ्या मुलीला हाताला धरून आणलं होतं. तिच्यामागून रिकामे ग्लास गोळा करत बारवालाही आला. "हा फोटो बघा आणि हा माणूस बघा. आठवडाभर या ताईंच्या मागे आहे. त्यांचं उष्टं पितो, डोळे लावून बसतो. आणि आता इथेही आलाय. ताई भिडस्त आहेत, त्या बोलायच्या नाहीत. माझी तक्रार लिहून घ्या."

मुलीचं हसू जरा कमी झालं. "मॅडम, हे तुम्हाला त्रास देतात का?"

खरं सांगावं तर नवऱ्याचा बेत मातीत आणि पैसे पाण्यात. खोटं सांगावं तर फोटो मशीनमध्ये. बाईंनी कात्रीकडे पाहिलं. फैसला त्यांनी त्याच्यावर सोडला. आयुष्यभर मान्य-अमान्य हाच ठरवत आला होता, आता हेही त्यानंच ठरवावं.

कात्रीला वाट मोकळी होती. माफ करा म्हणून निघून जायचं, एवढंच. एक शब्द, आणि सगळी बचत सुखरूप. तो वळलाही. मग फोटोवाल्यानं खिळ्यावरच्या त्या फोटोला हात घातला, काढायला.

"थांबा," कात्री म्हणाला.

त्यानं कोटाचं बटण काढलं, शर्टाचं काढलं, आतल्या खिशाचं काढलं. कार्ड बाहेर आलं तेव्हा अंगावरचं सालटं निघावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"तक्रार बरोबर आहे," तो मुलीला म्हणाला. "मी यांचा नवरा."

सिस्टरनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. सिस्टरनी पुन्हा फोटोकडे पाहिलं, चष्मा वर करून, जवळ जाऊन.

"शक्य नाही," त्या म्हणाल्या. "नवरे असे बघत नाहीत हो. मी जन्मभर भेटीच्या वेळी वॉर्डात नवरे पाहिलेत."

"पण सर," मुलगी कार्ड आपल्या यंत्रावर टेकवत म्हणाली, "तुमच्या नावापुढे तर कोमट पाणी आहे."

"तेही चूक," कात्री म्हणाला. त्याचा आवाज आता हळूहळू कार्यालयातला होत चालला, फक्त या वेळी बिल त्याचं स्वतःचं होतं. "प्रकृतीचं कारण खोटं. सवलत अमान्य. दुसरं पॅकेज पहिल्या दिवसापासून लावा. फोटो एक. त्याची पावती वेगळी द्या."

"आणि पुढच्या वेळी सरबत हवं असेल तर मागा हो," सिस्टर म्हणाल्या. "माणूस उष्टं पितो म्हणून मी रात्रभर काळजीत."

बारवाला ग्लासांचा ट्रे सावरत पहिल्यांदाच बोलला. "मला वाटलं तुम्हाला कळलंय."

"काय कळलंय?"

"मला सगळं माहीत आहे ते. म्हणून तर मी दोन स्ट्रॉ ठेवत होतो."

कात्रीनं त्याच्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. मुलगी पुन्हा हसू लागली होती, पण हिशेब तिनं पूर्ण लावला. हसण्यात सूट नव्हती.

मग बोटीच्या दिवाणखान्यात वाद्यं वाजत असताना ती दोघं वरच्या डेकवर आली, पहिल्यांदाच एका दारातून, बरोबर. कात्री स्वतःचं कार्ड घेऊन बारपाशी गेला आणि ताठ मानेनं एक लिंबू सरबत मागवलं. आपलं, स्वतःचं, पूर्ण. टेबलाशी येऊन त्यानं ते अर्धं प्यायलं आणि उरलेलं सवयीनं बाईंपुढे सरकवलं.

"अहो, आता माझं वेगळं आहे की."

"असू दे. मला अर्ध्याच्या पुढे जात नाही."

बाईंनी फोटो मांडीवर धरला होता. वारा त्याच्या कडांशी खेळत होता. मनात दोन ओळी आधीच येऊन बसल्या होत्या :

फोटोवाल्या दादा, तुझी कळ कशी दाबली
जन्मभराची नजर एका खिळ्याला टांगली.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "कशाकडे बघत होतात?"

"ग्लासाकडे," कात्री लगेच म्हणाला. "तू कधी ठेवतेस आणि मी कधी उचलतो."

बाईंनी फोटो त्याच्यासमोर दिव्याखाली धरला आणि फोटोतल्या टेबलावर बोट ठेवलं. ग्लास कात्रीच्या हाताशीच होता. रिकामा. तळाशी लिंबाची साल, दोन वाकलेल्या स्ट्रॉ, आणि छत्री तर त्याच्या खिशातून डोकावत होती. तो ग्लास केव्हाच पिऊन झालेला होता.

कात्रीनं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. बिलातली न सापडणारी चूक शोधावी तसा बराच वेळ शोधत राहिला.

"पुढचा ग्लास कधी मागवतेस, ते बघत असेन," शेवटी तो म्हणाला.

"असाल," बाई म्हणाल्या, आणि कानावरची बट मागे सारली.

कात्री उठून त्यांच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसला.